मंचावरील कवितेसाठी मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन
मा. मंत्री, सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र शासन
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ
मा. अध्यक्ष, अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ

विषय : काव्यसादरीकरणाला स्वतंत्र मान्यता, किमान मानधन व सादरकर्त्या कवींचे हक्क याबाबत

महोदय, महोदया,

महाराष्ट्रात मंचावर उभे राहून स्वतःची कविता सादर करणाऱ्या कवींच्या वतीने आमची संघटना हे मागणीपत्र आपल्यापुढे ठेवत आहे. यातली एकही मागणी नवी नाही. प्रत्येक मागणी या ना त्या व्यासपीठावर मांडून झाली आहे, तिला माना डोलावल्या गेल्या आहेत आणि 'बघू' असे उत्तरही मिळाले आहे. आता लेखी उत्तर हवे.

मूळ अडचण कागदावरची आहे. मराठी भाषा विभागाच्या योजनांत साहित्यिक म्हणजे ज्याचे पुस्तक आहे तो. सांस्कृतिक कार्य विभागाच्या योजनांत कलावंत म्हणजे जो गातो, वाजवतो, नाचतो किंवा नाटक, तमाशा, दशावतार करतो तो. शे-दोनशे माणसांसमोर स्वतःची कविता स्वतःच्या आवाजात म्हणणारा या दोन्ही रकान्यांत बसत नाही. मराठी भाषा विभागाकडे गेले की 'तुमचे काम सादरीकरणाचे' आणि सांस्कृतिक विभागाकडे गेले की 'तुम्ही तर साहित्यिक', हे दोन्ही आम्ही ऐकले आहे.

ही कला कॅफेतल्या ओपन माइकबरोबर आली, असा समज असेल तर तो दुरुस्त करावा लागेल. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने काव्यगायनाला श्रोता मिळवून दिला. पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी एकत्र गावोगाव काव्यवाचने केली. सुरेश भटांची गझल मैफलीत रुजली, नारायण सुर्वे कामगारांच्या सभांत ऐकले गेले, वामनदादा कर्डकांची गाणी छापील पानाची वाट न बघता वस्त्यावस्त्यांत पोहोचली. ज्या राज्य शासनाला आम्ही हे पत्र देत आहोत, ते राज्य व्हावे म्हणून झालेल्या लढ्यात अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांचे शब्द मैदानात ऐकले गेले. लोक त्यांचे संग्रह वाचून रस्त्यावर उतरले नव्हते.

तेव्हा मान्यतेचा प्रश्न परंपरेचा नाही, नियमांचा आहे. नियम बदलता येतात. आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे.

मागणी १ : शासकीय व्याख्या

काव्यसादरीकरण ही प्रयोगात्म कला आहे, असे स्पष्ट म्हणणारा शासन निर्णय दोन्ही विभागांनी संयुक्तपणे काढावा. त्यात काव्यवाचन, काव्यगायन, गझलसादरीकरण, बोलीतील कविता, एकट्याने केलेला कवितेचा प्रयोग आणि मराठी रॅप यांचा नावानिशी उल्लेख असावा. शाहिरीला आज मिळणाऱ्या योजनांना याने धक्का लागू नये, हेही त्याच निर्णयात लिहावे.

यासाठी नवा कायदा नको. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने 'सादरकर्ता' कोण हे सांगताना नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा यांची नावे घेतली आहेत. त्यांच्यानंतर 'सादरीकरण करणारी अन्य कोणतीही व्यक्ती' असे म्हटले आहे. कवी त्या शेवटच्या 'अन्य' शब्दात बसतो. गारुड्याचे नाव आहे, कवीचे नाही; पण कायद्याचे दार आम्हाला बंद नाही. केंद्राचा कायदा आम्हाला सादरकर्ता मानत असेल, तर राज्याच्या अर्जात तो रकाना नसण्याचे कारण उरत नाही.

मागणी २ : पुस्तकाची अट

राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाच्या काव्यविभागाचा पुरस्कार बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने दिला जातो. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती १९५२ मध्ये. ज्यांच्या नावाचा पुरस्कार, त्यांना हयातीत त्यासाठी अर्जही करता आला नसता. नियम तपासायला घ्यायचा तर याहून चांगले कारण आम्हाला सुचत नाही.

छापील संग्रहांसाठीचे पुरस्कार आहेत तसे राहावेत. त्यातला एक रुपयाही आम्हाला नको. केशवसुतांच्या आणि बहिणाबाईंच्या नावाच्या पुरस्कारांबरोबर सादर झालेल्या कवितेसाठी दरवर्षी दोन स्वतंत्र पुरस्कार सुरू करावेत. एक ज्येष्ठ सादरकर्त्यासाठी, एक ३५ वर्षांखालील कवीसाठी. प्रवेशिका म्हणून किमान ४० मिनिटांचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रमुद्रण स्वीकारावे. परीक्षकांपैकी किमान एकाने स्वतः मंचावर कविता सादर केलेली असावी.

नवलेखक अनुदान योजनेतही हाच बदल हवा. पहिल्या पुस्तकाच्या छपाईला अनुदान मिळते, तसे पहिल्या ध्वनिसंग्रहाला किंवा पहिल्या पूर्ण प्रयोगाच्या निर्मितीला मिळावे. रक्कम तीच ठेवावी, पर्याय कवीने निवडावा. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, झाडीबोली, आगरी अशा बोलींत लिहिणाऱ्यांना याचा विशेष उपयोग आहे. त्यांच्या कवितेतला निम्मा अर्थ उच्चारात असतो आणि तो देवनागरीत पुरता उतरत नाही.

मागणी ३ : मानधन

आमच्या सभासदांना सर्वांत जास्त जाचणारी बाब ही आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कविसंमेलनाच्या खर्चपत्रकात मंडप, ध्वनिव्यवस्था, फ्लेक्स, हारतुरे, अल्पोपाहार, छायाचित्रकार असे सगळे रकाने असतात. सगळ्यांची बिले निघतात. ज्याच्यासाठी लोक जमले त्याला शाल, श्रीफळ आणि 'आपल्याच माणसाला काय द्यायचे' हे वाक्य मिळते. पाकीट असलेच तर त्यात किती आहे, हे परतीच्या एसटीत बसल्यावर कळते. सोलापूरहून नागपूरला गेलेल्या कवीला रात्री बारानंतर दहा मिनिटे मिळतात आणि त्याआधी दोन तास पाहुण्यांची मनोगते चालतात. सूत्रसंचालकाच्या चारोळ्यांचा वेळ मोजला, तर तो कित्येकदा निमंत्रित कवीपेक्षा जास्त भरतो. शाल आम्ही आदराने घेतो. मानधनाऐवजी ती चालणार नाही.

१४ ते २८ जानेवारीच्या मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात, २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला आणि १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला शासकीय कार्यालये, महामंडळे, बँका आणि महाविद्यालये कवींना बोलावतात. त्यांपैकी अनेक ठिकाणी मानधनाचा विषय काढणेच असभ्य मानले जाते. साहित्य अकादेमी मात्र वाचनासाठी बोलावलेल्या लेखकाला मानधन आणि प्रवासखर्च देते. त्याने कवितेची अप्रतिष्ठा झाल्याचे कोणी म्हटलेले नाही.

म्हणून शासन, महापालिका, जिल्हा परिषद, विद्यापीठ आणि शासकीय अनुदान घेणारी प्रत्येक संस्था यांना पुढील किमान दर बंधनकारक करावेत :

सामूहिक कविसंमेलनात १५ मिनिटांपर्यंतच्या सादरीकरणास प्रत्येक कवीला ५,००० रुपये. ६० ते ९० मिनिटांच्या स्वतंत्र प्रयोगास २०,००० रुपये. सार्वजनिक ग्रंथालयात किंवा शाळेत तासाभराच्या कार्यक्रमास ३,००० रुपये. सूत्रसंचालन करणाऱ्या कवीला सामूहिक कार्यक्रमाचा दर. प्रवासखर्च वेगळा, मुक्काम पडल्यास राहण्याची सोय आयोजकांनी करावी. रक्कम १५ दिवसांत बँक खात्यात जमा व्हावी. कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाल्यास निम्मे मानधन आणि झालेला प्रवासखर्च द्यावा. अनुदानाचा शेवटचा हप्ता कवींचे मानधन दिल्याचा पुरावा जोडल्याशिवाय निघू नये. या शेवटच्या अटीवाचून बाकीच्या अटी कागदावरच राहतील, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

पैसा कुठून आणायचा, असे विचारले जाईल. हिशेब मांडतो. ३६ जिल्ह्यांत दरमहा एक शासकीय काव्यसादरीकरण, प्रत्येकी चार कवी, असे धरले तर वर्षाला ४३२ कार्यक्रम आणि १,७२८ सादरीकरणे होतात. ५,००० रुपयांनी मानधन ८६ लाख ४० हजार. सरासरी २,५०० रुपये प्रवास धरून ४३ लाख २० हजार. ध्वनिव्यवस्थेला कार्यक्रमागे ५,००० धरून २१ लाख ६० हजार. एकूण १ कोटी ५१ लाख २० हजार रुपये. जागेसाठी वेगळा खर्च नाही, कारण राज्यात सुमारे ११ हजार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत आणि जिल्हा स्तरावरच्या ग्रंथालयांकडे बहुधा सभागृह असते.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे शासकीय अनुदान ५० लाखांवरून २ कोटींवर नेले गेले. ते योग्यच झाले आणि त्याला आमचा पाठिंबा आहे. तीन दिवसांच्या एका उत्सवाला जे परवडते, त्याहून कमी पैशांत वर्षभर प्रत्येक जिल्ह्यात कविता ऐकवता येते, इतकेच आम्ही दाखवून देत आहोत.

लोक पैसे मोजून कविता ऐकत नाहीत, हा आक्षेपही टिकत नाही. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा 'आयुष्यावर बोलू काही' हा कार्यक्रम २००३ पासून तिकिटावर चालला आहे. श्रोता आहे. त्याच्यापर्यंत पोहोचायची व्यवस्था मोजक्या नावांपलीकडे गेलेली नाही.

मागणी ४ : ओपन माइक आणि चित्रफितींचे हक्क

पुण्या-मुंबईत आणि आता छत्रपती संभाजीनगर, नाशिक, कोल्हापुरातही ओपन माइक होतात. तिथे नवा कवी घडतो, हे आम्ही मान्य करतो. पण तिथे बहुधा कवीच नोंदणी शुल्क भरतो, त्याची कविता आयोजकांच्या चॅनलवर चढते आणि जाहिरातीचे उत्पन्न आले तर ते आयोजकांकडे राहते. मंचावर पैसे देऊन उभे राहणारा कलावंत दुसऱ्या कोणत्या कलेत सर्रास आढळतो, हे आम्हाला माहीत नाही.

कायदा इथेही स्पष्ट आहे. प्रताधिकाराचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असल्याशिवाय ग्राह्य नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षे टिकतो आणि आपले नाव जोडले जावे, आपल्या सादरीकरणाची मोडतोड होऊ नये, हा त्याचा नैतिक हक्क २०१२ च्या दुरुस्तीने मान्य झाला आहे. फॉर्मच्या तळाशी एक चौकोन टिक करून घेतला की कविता कायमची आयोजकांची झाली, असे होत नाही.

मराठी भाषा विभागाने एका पानाचा आदर्श करारनामा मराठीत प्रसिद्ध करावा. त्यात चित्रमुद्रणाला कवीची स्वतंत्र संमती, चित्रफीत काढून टाकायला सांगण्याचा हक्क आणि उत्पन्न झाल्यास त्यातला किमान निम्मा वाटा या तीन गोष्टी असाव्यात. शासकीय किंवा महापालिकेच्या जागेत होणाऱ्या ओपन माइकमध्ये कवीकडून शुल्क घेण्यास मनाई करावी. खाजगी कॅफेवर ही सक्ती करता येणार नाही, याची आम्हाला जाणीव आहे. तिथे आमचे सभासद या करारनाम्याचा आग्रह धरतील.

मागणी ५ : साहित्य संमेलन

ही मागणी महामंडळाकडे आहे. १८७८ पासूनची परंपरा सांगणाऱ्या संमेलनात कवींच्या दोन पंगती असाव्यात, हे शोभत नाही. निमंत्रितांच्या कविसंमेलनातल्या कवीला मुख्य मंडप मिळतो. कविकट्ट्यावरचा कवी बहुतांशी स्वखर्चाने येतो आणि आपल्या पाळीच्या प्रतीक्षेत दिवस काढतो. त्याचे श्रोते म्हणजे पुढच्या क्रमांकाचे कवी.

निमंत्रितांच्या निवडीचे निकष संमेलनाच्या ६० दिवस आधी जाहीर करावेत. एकदा निमंत्रित झालेल्या कवीला पुढची तीन वर्षे पुन्हा निमंत्रण नसावे. निमंत्रितांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि त्यांना वेगळ्या 'महिला कविसंमेलना'त न पाठवता मुख्य मंचावरच वाचू द्यावे. कविकट्ट्याचे वेळापत्रक आधी प्रसिद्ध करावे, म्हणजे सकाळी आलेल्या कवीला संध्याकाळपर्यंत ताटकळावे लागणार नाही. तिथल्या कवींना एसटीच्या दराने जाण्यायेण्याचे भाडे द्यावे.

कोणतेही अनुदानित कविसंमेलन रात्री साडेदहाच्या आत संपावे. स्त्री कवींच्या परतीच्या वाहनाची जबाबदारी निमंत्रणपत्रात लिहिलेली असावी. व्हीलचेअर मंचापर्यंत जाईल असा उतार असावा.

मागणी ६ : जागा

महापालिकांच्या नाट्यगृहांचे दर नाटक, वाद्यवृंद, लावणी, सभा असे ठरलेले असतात. कवितेचा कार्यक्रम बहुतेक ठिकाणी 'इतर'मध्ये जातो आणि व्यावसायिक दर लागतो. मराठी नाटकाचा सवलतीचा दर काव्यसादरीकरणालाही लागू करावा. त्याहून उपयोगी म्हणजे तालमीची सभागृहे. शंभर खुर्च्या आणि एक चांगला माइक एवढे कवितेला पुरते. ही सभागृहे सोमवार ते गुरुवार संध्याकाळी दोन तासांच्या सत्राने, ५०० रुपये नाममात्र भाड्यात द्यावीत.

मागणी ७ : कवितेवरचे गुन्हे

वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ मध्ये एका कर्मचारी संघटनेच्या अंकात छापली गेली; तिच्यावरून सुरू झालेले प्रकरण २०१५ मध्येही सर्वोच्च न्यायालयात चालू होते. एप्रिल २०२३ मध्ये या राज्यात मराठी रॅपरांवर गुन्हे दाखल झाले. निकाल काय लागतो हा पुढचा भाग; तोवर पोलीस ठाण्याच्या फेऱ्या, वकिलाची फी आणि आयोजकांनी फिरवलेली पाठ हीच शिक्षा होऊन बसते.

२८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कवी इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा, एका कवितेच्या चित्रफितीवरून दाखल झालेला गुन्हा रद्द केला. अभिव्यक्तीशी संबंधित, तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या आरोपांत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे आधी प्राथमिक चौकशी करणे उचित, असे त्यात म्हटले आहे. शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या दृष्टीने मोजावा, प्रत्येक टीकेने अस्वस्थ होणाऱ्याच्या नव्हे, हेही त्यात आहे.

हा निकाल मराठीत अनुवादित करून प्रत्येक पोलीस ठाण्याला परिपत्रकासह पाठवावा, यासाठी सांस्कृतिक कार्य विभागाने गृह विभागाकडे पाठपुरावा करावा. शासकीय आणि अनुदानित कार्यक्रमांत कविता आधी तपासणीसाठी मागवण्याची पद्धत बंद करावी. 'जरा राजकीय नको' हा निरोप कवीला कोणी द्यायचा असेल, तर तो लेखी द्यावा.

उर्वरित मागण्या

राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेत दरमहा ५,००० रुपये मिळतात. सादरकर्त्या कवींचे अर्ज पुरावा नाही म्हणून अडू नयेत, यासाठी कार्यक्रमपत्रिका, ध्वनिमुद्रणे आणि दोन आयोजक संस्थांची पत्रे पुरेशी मानावीत. जिल्हा निवड समितीवर एक सादरकर्ता कवी घ्यावा.

आंतरविद्यापीठीय 'इंद्रधनुष्य' महोत्सवात वक्तृत्व, वादविवादाच्या जोडीने स्वरचित कवितेचे सादरीकरण ही स्पर्धा सुरू करावी.

वस्तू व सेवा करात लोककला आणि शास्त्रीय संगीत, नृत्य, नाट्य यांच्या कलावंतांना, तसेच ५०० रुपयांपर्यंतच्या नाट्य, नृत्य, संगीताच्या तिकिटांना सूट आहे. त्यात कवितेचे नाव नाही. राज्याच्या वित्तमंत्र्यांनी जीएसटी परिषदेत ते घालण्याचा प्रस्ताव मांडावा.

पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत मराठी कवितेचा ध्वनिसंग्रह उभारावा. दरवर्षी शंभर कवींचे, त्यांत किमान चाळीस बोलींतल्या कवींचे, प्रत्येकी अर्ध्या तासाचे ध्वनिमुद्रण व्हावे. ज्येष्ठांपासून सुरुवात करावी. या कामात उशीर भरून काढता येत नाही.

आमच्या बाजूच्या अटी

मागण्यांबरोबर आम्ही जबाबदारीही घेतो. आमचा सभासद दिलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटे जास्त घेणार नाही. दुसऱ्याची कविता नाव न घेता म्हणणाऱ्याचे सभासदत्व रद्द होईल. मानधन घेतलेल्या कार्यक्रमाला ऐनवेळी न येणारा कवी प्रवासखर्च परत करील. मान्य झालेले दर आयोजकांना जड जात असतील, तर कवींची संख्या कमी करावी. वीस कवी फुकट बोलावण्यापेक्षा पाच कवी नीट बोलावलेले बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुदत

मागणी १, ३ आणि ७ यांना नव्या तरतुदीची वाट पाहावी लागत नाही. त्यांवर शासन निर्णय किंवा परिपत्रक ६० दिवसांत निघावे. बाकीच्या मागण्यांसाठी दोन्ही विभाग, मंडळ, महामंडळ आणि आमची संघटना यांची संयुक्त समिती नेमावी आणि तिने सहा महिन्यांत अहवाल द्यावा. समितीच्या बैठकांचे इतिवृत्त प्रसिद्ध व्हावे.

६० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास पुढच्या भाषा संवर्धन पंधरवड्यापासून आमचा एकही सभासद लेखी निमंत्रण आणि ठरलेल्या मानधनाशिवाय शासकीय, निमशासकीय किंवा अनुदानित मंचावर कविता सादर करणार नाही. जिल्हा परिषद आणि नगरपालिका शाळांतल्या मुलांसमोरच्या कार्यक्रमांना हा निर्णय लागू नाही. तिथे आम्ही पूर्वीप्रमाणेच जाऊ.

आपले,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य
(संघटनेच्या सर्वसाधारण सभेच्या ठरावानुसार)